गंजिफाची पेटी

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास लिहिणे हे माझे काम नव्हे. पण मंडळाच्या स्मरणिकेसाठी काही लिहा असा आग्रह झाला, आणि मला आजीची गंजिफाची पेटी आठवली.

दशावतारी गंजिफात १२० गोल पाने असतात. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी १२ पाने. तिघे खेळतात, वाट्याला ४० पाने येतात. दिवसा डाव मांडला तर रामाने सुरुवात, रात्री कृष्णाने.

आमच्या पेटीतले मत्स्याच्या चौकडीचे पान मी लहानपणी भातुकलीत ताटली म्हणून नेले आणि हरवले. आजी रागावली नाही. पेटी मात्र पुन्हा उघडली नाही.

हा खेळ मोगलांबरोबर आपल्याकडे रुजला. १५२७ साली बाबराने सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. सावंतवाडीचे चितारी कापडाला चिंचोक्याची खळ व खडू चढवून पाने करीत, हाताने रंगवीत आणि वर लाखेचा लेप देत. पुढे छापील विलायती पत्ते स्वस्तात मिळू लागले, तशी ही कला मागे पडली.

१९७० नंतर सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवी यांनी ती सावरली. पुंडलिक चितारी हे वृद्ध कारागीर तेव्हा हयात होते. बडोद्याच्या राजघराण्यातली ही लेक त्यांच्यापाशी शिकायला बसली, हे मला विशेष वाटते. मग राजवाड्यातच गंजिफा व लाखकामाचा कारखाना उभा राहिला आणि तरुण हातांना काम मिळाले. २०१८ साली सत्त्वशीलादेवी गेल्या. काम मात्र घराण्याने पुढे चालू ठेवले. २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकन मिळाले.

हे कळल्यावर मला माझीच लाज वाटली. राणी शिकायला बसली, मग मला का जमू नये? मी पुठ्ठा गोल कापला, चिंचोके शिजवून खळ केली आणि चार मासे रंगविले. ते थोडे कासवासारखे दिसतात, असे घरातली मंडळी म्हणतात. म्हणोत बापडी! आजी आज नाही. पण इतक्या वर्षांनी पेटीत १२० पाने पुरी झाली.

येत्या हळदीकुंकवाला पेटी घेऊन येते. डाव मांडायला दोघी हव्यात.