लंकेत जाऊन काय पाहावं? – एक ऐतिहासिक मागोवा



लंका म्हटलं की आपल्या माणसांच्या डोळ्यांपुढे सोन्याची नगरी नि दहा तोंडांचा रावण उभा राहतो. लहानपणापासून तेच कानावर पडलेलं. आता तर सहलवाल्या कंपन्या रामायणाची म्हणून वेगळी सहल काढतात, नुवारा एलियाजवळचं सीतेचं देऊळ दाखवतात. ज्याला पाहायचं त्यानं पाहावं, आमचा वाद नाही. पण ज्या देशात दोन हजार वर्षांपूर्वीची दगडावरची अक्षरं आजही वाचता येतात, तिथं जाऊन नुसत्या ऐकीव गोष्टी घेऊन परत यायचं, हे काही खरं नाही. आपल्या वस्तीतून बुद्धगया, सारनाथ, कुशिनगरला पुष्कळ मंडळी जातात. आता लंकेलाही जाऊ लागली आहेत. मुंबईहून कोलंबो विमानाने अडीच तासांवर. आम्ही वस्तीतल्या लोकांबरोबर जाऊन आलो, आणि जाण्याआधी नि आल्यावर जमेल तेवढं वाचून काढलं. त्यातलं जे सांगण्यासारखं वाटलं ते इथं मांडतो आहोत.

पहिली गोष्ट अशोकाची. आज आपल्या झेंड्यावर त्याचं चक्र आहे, नाण्यांवर त्याचे सिंह आहेत. पण दोनशे वर्षांपूर्वी हे नाव म्हणजे पुराणांतल्या राजांच्या यादीतली एक ओळ, यापलीकडे भारतात कुणाला त्याची खबर नव्हती. सन १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपी उलगडली. खांबांवर नि शिळांवर नाव निघालं ते 'देवानंपिय पियदसि'. हा राजा कोण, कुठला, पत्ता लागेना. तो पत्ता लंकेतून आला. तिथे नोकरीत असलेले जॉर्ज टर्नर हे पाली ग्रंथ वाचत होते. 'दीपवंस' या लंकेच्या जुन्या ग्रंथात त्यांना सापडलं की पियदस्सी म्हणजेच अशोक. आपण विसरलेला राजा लंकेच्या भिक्खूंनी आपल्या वहीत लिहून ठेवला होता, असंच म्हणा ना!

त्याच भिक्खूंच्या 'महावंस' ग्रंथात आणखी एक यादी आहे. पाटलिपुत्रच्या संगीतीनंतर मोग्गलिपुत्त तिस्स थेरांनी कोणाला कुठे धम्मप्रचाराला धाडलं त्याची. महिंद थेर लंकेला. आणि महाधम्मरक्खित थेर कुठं? तर 'महारट्ठ'ला, म्हणजे आपल्या महाराष्ट्रात. लंका नि आपण एकाच यादीतले. विजय नावाचा राजपुत्र लंकेला जाण्याआधी त्याचं जहाज 'सुप्पारक' बंदराला लागलं होतं, असंही तो ग्रंथ सांगतो. विजयाची कथा ही कथा समजून घ्यावी, पण सुप्पारक म्हणजे आपलं नालासोपारा. तिथला स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली उकरून बाहेर काढला. लंकेचं तिकीट काढण्याआधी विरारची लोकल पकडून तेवढं पाहून यावं, असं आमचं मत.

आता प्रत्यक्ष लंका. कोलंबोहून उत्तरेला साधारण दोनशे किलोमीटरवर अनुराधपूर, आणि त्याच्या पूर्वेला जवळच मिहिंतले. आधी मिहिंतलेला जावं, कारण इतिहास तिथून सुरू होतो. १८४० पायऱ्या आहेत. सकाळी लवकर चढावं, नाहीतर दगड तापतात आणि अनवाणी पाय भाजतात. तिथले लोक त्यासाठी मोजे घालू देतात. कपडे पांढरे किंवा साधे असावेत, गुडघे-खांदे झाकलेले. आणि मूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, हे पोराबाळांना आधीच बजावून ठेवावं.

या डोंगरावर जेठ पौर्णिमेला देवानंपिय तिस्स राजाची नि महिंद थेरांची भेट झाली. थेरांनी धम्म सांगण्याआधी राजाला आंब्याचं झाड दाखवून विचारलं, हे कसलं झाड? आंब्याचं. याशिवाय आणखी आंबे आहेत का? पुष्कळ आहेत. आंबे सोडून दुसरी झाडं? तीही आहेत. मग ते दुसरे आंबे नि ती दुसरी झाडं सोडली तर काय उरतं? राजा म्हणाला, हेच आंब्याचं झाड. थेरांना कळलं की माणसाची अक्कल जागी आहे, याला धम्म समजेल. बघा, थेरांनी राजाची अक्कल तपासली. कूळ विचारत बसले नाहीत. तिथले लोक ही पौर्णिमा 'पोसोन' म्हणून पाळतात. लंकेत दर पौर्णिमेला 'पोया'ची सुट्टी असते आणि त्या दिवशी दारू विकत नाहीत.

मिहिंतलेच्या गुहांवर ब्राह्मी लेख आहेत, कोणी कोणती गुहा भिक्खूंना दान दिली त्याचे. आपल्या कान्हेरी-कार्ल्याला आहेत तसेच. स्तूपाला तिथं 'दागोबा' म्हणतात. हा शब्द लेण्यांच्या मराठी पुस्तकांतही आहे, म्हणून ऐकताच ओळखीचा वाटतो.

अनुराधपूरचा बोधिवृक्ष पाहताना आमच्या महिला मंडळाच्या बायका बराच वेळ हलल्या नाहीत. बुद्धगयेच्या वृक्षाची फांदी संघमित्रा थेरींनी आणली, ती इथं लावली. माणसाने लावलेलं आणि लेखी नोंद असलेलं जगातलं सर्वांत जुनं झाड ते हेच. सोन्याच्या कठड्याआड आहे, फांद्यांना टेकू दिलेत. पण संघमित्रा काही फक्त फांदी घेऊन आल्या नव्हत्या. अनुला राणी नि तिच्यासोबतच्या स्त्रियांना दीक्षा घ्यायची होती, आणि महिंद म्हणाले, स्त्रियांना दीक्षा द्यायला थेरीच हव्यात, म्हणून त्या आल्या. त्यांनी लावलेला भिक्खुणी संघ इतका वाढला की पाचव्या शतकात लंकेच्या भिक्खुणी जहाजाने चीनला गेल्या नि तिथल्या स्त्रियांना उपसंपदा दिली. अकराव्या शतकाच्या सुमारास चोळांच्या स्वाऱ्यांनंतर लंकेत तो संघ संपला. झाड टिकलं, संघ तुटला. १९९६ साली आपल्याच सारनाथला लंकेच्या स्त्रियांना पुन्हा उपसंपदा मिळाली, नि १९९८ पासून लंकेत दंबुल्ला इथे ती देणं सुरू झालं. बड्या महाथेरांनी त्याला मान्यता दिली नाही, तरीही सुरू झालं. दंबुल्लाची लेणी सगळेच पाहतात. तिथल्या भिक्खुणींनाही वंदन करून यावं.

रुवनवेली महाथूप. हा दुट्ठगामणी राजाने इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात बांधायला घेतला. गिरणीत साचेखात्यात उभा जन्म काढलेल्या माणसाला इथली एक गोष्ट फार लागते. महावंसात लिहिलं आहे की राजाने हुकूम काढला, इथे कुणी बिनपगारी राबायचं नाही. चारी दारांशी नाणी, कपडे, खाणंपिणं ठेवलं, काम करा नि घेऊन जा. एका भिक्खूला वाटलं, आपलाही हात लागावा. त्याने मातीचा गोळा गुपचूप गवंड्याच्या हाती दिला. राजाला कळलं, तर त्याने त्या भिक्खूलाही फुलं देऊन मोल चुकतं केलं! वेठबिगारीवर थूप उभा राहायला नको, पुण्याच्या नावाखालीसुद्धा नको, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो. भिक्खूंनी राजाची स्तुती केली असेल, नाही असं नाही. पण स्तुती करायची तर पगार दिल्याची करावी असं त्यांना वाटलं, हेही काही थोडं नाही. शेजारी जेतवनाचा थूप आहे, महासेन राजाचा. तो मूळचा सुमारे १२२ मीटर उंच होता. त्या काळी त्याहून उंच फक्त इजिप्तचे दोन पिरॅमिड. नऊ कोटींवर विटा लागल्या असा अंदाज सांगतात. त्या वीटवाल्यांची नावं कुठं नाहीत.

थुपांइतकेच तलाव पाहावेत. लंकेचा तो भाग कोरडा, पाऊस वर्षातून थोडे महिने. तिथल्या राजांनी एकाला एक जोडलेले तलाव बांधले. धरणाच्या पोटात 'बिसोकोटुव' नावाची चौकोनी विहीर असते, पाण्याचा जोर तिथे मोडतो नि बांध न फुटता पाणी सोडता येतं. पाचव्या शतकात धातुसेन राजाने काला वेव हा तलाव बांधला. तिथून अनुराधपूरला जाणाऱ्या कालव्याचा उतार सुरुवातीच्या टप्प्यात मैलाला सहा इंच इतकाच आहे. यंत्र नाही, दुर्बीण नाही! धातुसेनाचा मुलगा कश्यप बापाला कैद करून विचारू लागला, खजिना कुठं आहे? बापाने त्याला काला वेवच्या काठी नेलं, ओंजळीत पाणी घेतलं नि म्हणाला, हाच माझा खजिना. मुलाने त्याला मारलं. त्याच कश्यपाने पुढे सिगिरियाच्या उभ्या कातळावर महाल बांधला. तिथली चित्रं अजिंठ्याची आठवण करून देतात. परदेशी पाहुणे सिगिरियावर गर्दी करतात, चढायला रांग असते. काला वेववर मात्र म्हशी नि धुणं धुणाऱ्या बायका. ज्यांच्या बापजाद्यांना चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावायला १९२७ सालचा सत्याग्रह करावा लागला, त्यांनी काला वेव आधी पाहावा आणि मग सिगिरिया.

पोलोन्नरुवाला गल विहाराच्या अखंड दगडातल्या मूर्ती आहेत, त्यातली महापरिनिर्वाणाची सुमारे चौदा मीटर लांब. मातलेजवळ अलुविहार आहे, जिथे इ.स.पूर्व पहिल्या शतकात त्रिपिटक पहिल्यांदा ताडपत्रावर लिहून काढलं. लहान जागा आहे, पण चुकवू नये.

तिथून कँडी. तळ्याकाठी दंतधातूचं विहार, ढोल, कमळं, दिवे. मन भरून येतं. पण इथे आम्हाला एक कडू गोष्ट सांगावीच लागेल. अठराव्या शतकात लंकेतली उपसंपदेची परंपरा तुटली होती, म्हणून १७५३ साली सयामहून उपाली थेरांना बोलावून ती पुन्हा सुरू केली. त्याला सयाम निकाय म्हणतात. पुढे थोड्याच वर्षांत ठरलं की उपसंपदा फक्त गोविगम जातीच्या, म्हणजे शेतमालक वरच्या जातीच्या मुलांनाच द्यायची. जिथे सर्व नद्या समुद्रात मिळाल्यावर आपलं नाव सोडतात असं तथागतांनी संघाबद्दल सांगितलं, तिथेच जात शिरली! खालच्या मानलेल्यांनी काय केलं? दालचिनी सोलणाऱ्या सलागम जातीतले एक श्रामणेर साथीदारांसह ब्रह्मदेशात अमरपूरला गेले, तिथे उपसंपदा घेतली नि १८०३ साली परत येऊन आपला संघ उभा केला. तो अमरपूर निकाय. दार बंद केलं तर समुद्र ओलांडून दुसऱ्या दाराने आले. कँडीच्या मुख्य विहारांत जातीची ती अट आजही सुटलेली नाही.

याच कँडीत सन १९५० च्या मे महिन्यात जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब आले होते. ते तेव्हा कायदेमंत्री होते. बौद्धांचे विधी कसे चालतात नि धम्म लोकांत खरोखर किती जिवंत आहे, ते पाहायला आपण आलो आहोत असं त्यांनी सांगितलं. पुढे कोलंबोला त्यांनी तिथल्या अस्पृश्यांना बौद्ध धम्म स्वीकारण्याचं आवाहन केलं. म्हणजे ते नुसते हात जोडून आले नाहीत, डोळे उघडे ठेवून आले. सहा वर्षांनी नागपूरला लाखोंची दीक्षा झाली, तेव्हा जात विचारणारा कोणी दाराशी उभा नव्हता.

डोळे उघडे ठेवायचे तर आणखीही दिसतं. उत्तरेला जाफन्याचं ग्रंथालय १९८१ साली जाळलं गेलं, सुमारे ९७ हजार पुस्तकं गेली. दोन वर्षांनी सिंहली-तमिळ युद्ध पेटलं, ते २००९ पर्यंत चाललं. ग्रंथालय आता पुन्हा बांधलं आहे. बौद्धांचं राज्य म्हणून मिरवणाऱ्या देशात पुस्तकं जळाली, ते कशाच्याही नावावर झालेलं असो, आम्ही त्याला धम्म म्हणणार नाही.

आणि शेवटी चहाचे मळे. कँडीहून एल्लाला जाणारी आगगाडी डोंगरातून वळणं घेत जाते. तिच्या खिडकीत बसायला जगभरचे लोक येतात. हिरवंगार, धुकं, धबधबे, रंगीत लुगड्यांतल्या पानं खुडणाऱ्या बायका. १८६७ साली जेम्स टेलर यांनी इथे चहाची लागवड सुरू केली. त्याआधी कॉफीसाठी नि मग चहासाठी मद्रासकडून तमिळ मजूर आणले, त्यांत आपल्यासारख्या गावकुसाबाहेरच्या जातींचे लोक फार. स्वातंत्र्य मिळाल्याबरोबर १९४८ च्या कायद्याने यातल्या सुमारे सात लाख माणसांचं नागरिकत्व गेलं. १९६४ साली शास्त्री नि सिरिमाओ बंडारनायके यांचा करार झाला: सव्वापाच लाख भारताने घ्यायचे, तीन लाख लंकेने, उरलेल्या दीड लाखांचं नंतर पाहू. गिरणीतल्या गाठींसारखी माणसं मोजली. २००३ साली कायदा झाला, तेव्हा कुठे उरलेल्यांना कागद मिळाला.

मळ्यातली 'लाइन' दाखवा म्हटलं तर आमचा गाडीवाला टाळत होता. आम्ही हट्ट धरला, तेव्हा हॅटनच्या पुढे त्याने गाडी थांबवली. पाठीला पाठ लावलेल्या खोल्यांची रांग, वर पत्रा, पुढे सामाईक नळ. परळच्या चाळीत वाढलेल्यांना काही नवं नव्हतं. तिथल्या बाईने आम्हाला बिनदुधाचा चहा दिला नि तळहातावर एकेक गुळाचा खडा. चांगली पत्ती बोटीने जाते, म्हणाली, आमच्याकडे भुकटी राहते. गूळ दाढेत धरून तो चहा प्यायचा असतो.