‘मुलाचा दाखला काढून घ्या’ असं शाळेने सांगितलं, तर पालक काय करू शकतात?

चौथीतलं मूल. तोंडी विचारलं तर सगळं सांगतं, पण वहीत चार ओळी लिहायला अर्धा तास लागतो. शेरा पडतो, ‘लक्ष देत नाही’. घरी ओरडा, शिकवणी, पुन्हा ओरडा. आणि मग एक दिवस मुख्याध्यापकांच्या खोलीत पालकांना सांगितलं जातं, “आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही. दाखला काढून घ्या, दुसरी शाळा बघा.”

बरेच पालक गप्प बसतात किंवा सही करून मोकळे होतात. खरं तर कायदा इथे मुलाच्या बाजूने आहे. पण तो माहीत असावा लागतो आणि योग्य जागी, लेखी मांडावा लागतो.

कायदा काय सांगतो?

दोन कायदे लक्षात ठेवायचे.

पहिला, बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९. तो ६ ते १४ वयोगटातल्या मुलांसाठी आहे. त्याच्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी आहे. सगळ्या वर्गासमोर ‘मठ्ठ’ म्हणून अपमान करणं हा साधा शिस्तीचा भाग नाही, हे यावरून कळतं.

दुसरा, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात अंधत्व, कर्णबधिरत्व, सेरेब्रल पाल्सी यांच्याबरोबर स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहेत. कलम १६ नुसार सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे, गरजेप्रमाणे सोयी करायच्या आहेत आणि अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखायची आहे. अल्पसंख्याक शाळांना २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही. तिथे हा दुसरा कायदा कामी येतो.

४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. याचा अर्थ, विशेष शाळा निवडायची की नाही हे पालक ठरवतात. शाळेने तो निर्णय लादायचा नसतो.

सही करण्याआधी थांबायचं का?

हो. शाळा सहसा मुलाला ‘काढून टाकलं’ असं कागदावर लिहीत नाही. ती पालकांनाच दाखल्यासाठी अर्ज करायला सांगते. एकदा असा अर्ज दिला की नोंद होते, पालकांनी स्वेच्छेने शाळा सोडवली. नंतर तक्रार करायला गेल्यावर हाच कागद पालकांच्या विरोधात जातो. म्हणून तोंडी दबाव आला, तर ‘जे सांगायचं ते लेखी द्या’ एवढं शांतपणे म्हणावं आणि सही न करता घरी यावं.

प्रमाणपत्र कुठून मिळतं?

केंद्र सरकारच्या ‘स्वावलंबन’ पोर्टलवर अर्ज करता येतो. ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी झाल्यावर प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळतं.

अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार हे प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्यावर दिलं जायचं. चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी व्हायची. रुग्णालयात तारीख मिळायला वेळ लागतो, त्यामुळे दहावीच्या वर्षापर्यंत थांबू नये.

प्रमाणपत्र येईपर्यंत मदत मागायचीच नाही, असं मात्र नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार या परीक्षार्थीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की लेखनिकाची सोय फक्त ४० टक्क्यांची अट पूर्ण करणाऱ्यांपुरती मर्यादित ठेवता येत नाही. गरज काय आहे, हे आधी बघावं लागतं.

शाळेकडे नेमकं काय मागायचं?

‘मुलाकडे लक्ष द्या’ ही मागणी फार मोघम आहे. ती सहज मान्य होते आणि तितक्याच सहज विसरली जाते. त्याऐवजी मोजता येतील अशा गोष्टी लिहाव्यात:

- पुढच्या बाकावर, फळ्याजवळ जागा
- फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी छापील किंवा फोटो काढलेला मजकूर
- चाचणीत जादा वेळ, गरज असल्यास लेखनिक
- काही उत्तरं तोंडी देण्याची मुभा
- शुद्धलेखनाच्या चुकांसाठी गुण न कापणं
- महिन्यातून एकदा वर्गशिक्षकांशी ठरलेली भेट

जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख २०१६ च्या कायद्याच्या कलम १७ मध्येच आहे. त्यामुळे ही शाळेची मेहेरबानी ठरत नाही. बोर्डाच्या परीक्षेतल्या सवलतींसाठी शाळेमार्फत वेळेत प्रस्ताव जावा लागतो. नववीतच मुख्याध्यापकांना त्याबद्दल विचारावं.

बैठकीला कसं जायचं?

एकट्याने जाऊ नये. आई-वडील दोघं, किंवा मामा, आत्या, शेजारी, कुणीतरी सोबत असावं. एकाने बोलावं, दुसऱ्याने लिहून घ्यावं. तपासणीचे अहवाल, वह्यांची दोन-चार पानं आणि प्रगतिपुस्तक यांच्या झेरॉक्स एका फाइलमध्ये ठेवाव्यात.

सुरुवात तक्रारीने करू नये. वर्गात पन्नास मुलं असताना शिक्षकांचीही ओढाताण होते. मुलाला काय जमतं, घरी कोणती युक्ती लागू पडते, हे आधी सांगितलं तर बोलणं पुढे जातं. घरी आल्यावर त्याच दिवशी ठरलेले मुद्दे पत्रात लिहून द्यावेत आणि दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का, सही व तारीख, म्हणजेच पोच, घ्यावी. पोच नसलेलं पत्र दिलं होतं हे सिद्ध करता येत नाही. शाळा पत्र घेत नसेल तर ते स्पीड पोस्टाने पाठवावं.

शाळेने ऐकलंच नाही तर?

पायरीपायरीने वर जायचं.

१. सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात.

२. तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी, त्यानंतर जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी. समग्र शिक्षा योजनेतले विशेष शिक्षक गट साधन केंद्रामार्फत मिळू शकतात, त्यांची मागणीही इथे करता येते.

३. शिक्षण हक्काचा भंग असेल तर स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार. तिचा निर्णय तीन महिन्यांत अपेक्षित असतो. त्यावर महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं.

४. दिव्यांगत्वामुळे भेदभाव झाला असेल तर पुण्यात कार्यालय असलेले राज्याचे दिव्यांग आयुक्त. चौकशीसाठी साक्षीदारांना बोलावण्याचे आणि कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार कायद्याने त्यांना दिले आहेत.

प्रत्येक पायरीवर आधीच्या पत्राची पोच जोडावी लागते. म्हणून पहिलं पत्र महत्त्वाचं.

आणि मुलाशी काय बोलायचं?

ही सगळी धावपळ मूल बघत असतं. आपल्यामुळे घरात ताण आहे, असं त्याला वाटू शकतं. त्याला सोप्या शब्दांत सांगावं, की त्याला शिकायला वेगळी पद्धत लागते आणि आई-बाबा तीच शाळेकडे मागत आहेत. मागण्यांची यादी करतानाही त्याला विचारावं, वर्गात सगळ्यात अवघड काय वाटतं? याचं उत्तर पुष्कळदा त्याच्याकडेच असतं.