आजीच्या शेतातला इतिहास

ऱ्होडेशियाबद्दल मला दोनच तारखा ठाऊक होत्या. १९६५ मध्ये इअन स्मिथच्या गोऱ्या सरकारनं एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केलं. १९८० मध्ये झिंबाब्वे जन्मला. मग त्सित्सी दांगारेम्ब्गाची ‘नर्व्हस कंडिशन्स’ (१९८८) वाचली. भावाच्या फीची सोय होते, तांबूच्या नाही. म्हणून ती स्वतः मका पिकवते. भाऊ तिचीच कणसं चोरतो. शेतात राबताना आजी सांगते, गोऱ्यांनी आपल्याला सुपीक जमिनीवरून रेताड मातीत कसं हुसकावलं. १९३० च्या कायद्यानं जमिनीची ही वर्णवार वाटणी पक्की केली होती. पण त्या रेताड मातीतही मुलीचा वाटा शेवटचा, हे माझ्या दोन तारखांनी मला कधी सांगितलं नव्हतं.