मागाची वीज आणि रेडिओतली घरघर

घरच्या संगीतयंत्राला ‘शुद्ध वीज’ हवी म्हणून पॉवर कंडिशनर आणि मनगटाएवढ्या जाड वायरी विकत घेणाऱ्यांचा एक पंथच आता तयार झाला आहे. विजेमुळे आवाज बिघडतो ही त्यांची तक्रार खोटी नाही. इलाज मात्र ते घराच्या भिंतीच्या आत शोधतात आणि तिथेच चुकतात, असं माझं मत आहे. साक्षीला बऱ्हाणपूर घेतो. तापीकाठची ही फारुकींची जुनी राजधानी. अजूनही पोट कापडावर भरणारी. इथल्या विणकर वस्त्यांत हातमाग मागे पडले आणि विजेचे माग आले. ज्या तारेवर माग चालायचे, त्याच तारेवर शेजारचा रेडिओही लागायचा.

गंमत अशी की, तार घरात येण्याआधी आवाज जास्त स्वच्छ होता. जिथे वीज नव्हती तिथे व्हॉल्व्हचे रेडिओ बॅटरीवर चालत, आणि बॅटरीच्या सरळ प्रवाहात गुणगुण नसतेच. मध्य प्रदेशाचं वीज मंडळ १९५० साली स्थापन झालं. १९५६ मध्ये शेजारच्या नेपानगरच्या वृत्तपत्रकागद गिरणीचं पंडित नेहरूंनी लोकार्पण केलं. त्या दशकात या भागात तारा पसरू लागल्या आणि त्यांच्यासोबत घरघरही आली. ५० सायकलची वीज रेडिओत सरळ करताना १०० सायकलची लहर उरते. ती गाळणारा कंडेन्सर निमाडच्या उन्हाळ्यात सुकत गेला की गाण्याखाली भुंगा बसतो. शिवाय मागाची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सात पट प्रवाह ओढते. गल्लीभर माग एकदम सुरू झाले की व्होल्टेज कोसळायचं, व्हॉल्व्हची तार निस्तेज व्हायची आणि गायकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा. त्यात केंद्रं दूरची. १९५६ पर्यंत बऱ्हाणपूरची राजधानी नागपूर होती. तिथलं आकाशवाणी केंद्र १९४८चं, इंदूरचं १९५५चं, आणि जवळचं जळगाव आणखी बरंच नंतरचं. लांबचं क्षीण केंद्र पकडायला रेडिओ आपली ताकद वाढवतो, तेव्हा तारेवरचा कचराही त्याच पटीत मोठा होतो.

सर्वांत पक्का पुरावा मात्र घरघरीत नाही, सुरात आहे. विजेवर चालणाऱ्या जुन्या रेकॉर्डप्लेअरमध्ये तबकडीचा वेग विजेच्या आवर्तनांवर ठरतो. नव्वदच्या दशकात पश्चिम विभागाच्या ग्रिडवर मागणीचा ताण आला की ५० सायकलची वीज ४९च्याही खाली जायची. एका सायकलची घट म्हणजे वेगात दोन टक्क्यांची घट, आणि दोन टक्के म्हणजे अर्ध्या स्वराचा सुमारे तिसरा हिस्सा. भीमसेनजींची तबकडी लावावी आणि षड्जच खाली सरकलेला असावा! स्टॅबिलायझरने व्होल्टेज सावरायचं, आवर्तनं नाही. त्या काळात हा दोष दुरुस्त करणारी पेटी घराघरांत नव्हती. दुरुस्ती झाली ती ग्रिडवर. १ जुलै २००२ पासून पश्चिम विभागात असा नियम आला की ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढणाऱ्या राज्याला, आवर्तनं जितकी खाली तितका चढा दर पडावा. राज्यांचे हात आखडले आणि आवर्तनं ताळ्यावर आली. संगीतासाठी कोणी हा नियम केला नव्हता, तरी सुराचं त्याने जेवढं भलं केलं तेवढं कुठल्याही जाड वायरीने केलेलं नाही.

यावर कोणी म्हणेल, जिथे नव्वद डेसिबलच्या वर माग खडखडतात तिथे रेडिओची गुणगुण कोणाच्या कानावर पडणार? आक्षेप रास्त आहे, पण अर्धाच. वीज गेली की मागही थांबतात. भारनियमनाच्या ज्या वर्षांनी मध्य प्रदेशात २००३ची निवडणूक तापवली, त्या वर्षांत मागवाल्या गल्लीला शांतता मिळायची ती अंधारातच, आणि तेव्हा वाजायचा तो सेलवरचा ट्रान्झिस्टर. सर्वांत स्वच्छ वीज आणि सर्वांत शांत गल्ली एकाच वेळी मिळावी, तीही मागवाल्याची रोजी बुडत असताना. दुसरा आक्षेप कंडिशनरवाल्यांचा: त्यांना फरक ऐकू येतो. येत असेलही. शेजारी वेल्डिंग चालू असेल किंवा पंख्याचा रेग्युलेटर करकरत असेल, तर साधा फिल्टर उपयोगी पडतो हे मान्य. पण चांगल्या अॅम्प्लिफायरच्या आत तेच काम करणारा पुरवठा आधीच बसवलेला असतो. शिवाय डीपीपासून मैलभर खराब तार आणि शेवटी दोन हात उंची वायर, हे गणित जुळत नाही. २०१० नंतर मध्य प्रदेशात शेतीपंपांचे फीडर गावठाणापासून वेगळे करण्याचं काम झालं. केळीच्या या पट्ट्यात पंपांचा भार घरांच्या तारेवरून हटणं हाच मला खरा कंडिशनर वाटतो.

दोष घरात नव्हे, वाटेतच आवरायची ही रीत बऱ्हाणपूरला नवी नाही. १६१५च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानांच्या काळात सातपुड्याच्या पायथ्याचं झिरपतं पाणी शंभराहून अधिक कुंड्यांच्या जमिनीखालच्या वाटेने, केवळ उतारावर, शहरात आणलं गेलं. कुंडी भंडारा म्हणतात तो हाच. पाणी गढूळ होऊ नये याची काळजी वाटेतच घेतली होती, घरोघरच्या माठांवर सोपवलेली नव्हती. विजेची वाट घरमालकाच्या हातात फारशी नसते; असतो तो तिचा शेवटचा टोकाचा तुकडा, म्हणजे अर्थिंग. भुंग्याच्या बऱ्याच तक्रारी तिथेच उगम पावतात, कारण काळी माती वैशाखात भेगाळते आणि खड्ड्यातला मीठ-कोळसा कोरडा पडतो. तेव्हा कंडिशनरची किंमत विचारण्याआधी एवढं आठवून पाहा: अर्थिंगच्या खड्ड्यात शेवटचं बादलीभर पाणी कधी ओतलं होतं?