एकटीचा आवाज ते हजारोंचा आवाज
आपल्या माय-बहिणींचा इतिहास आणि आजच्या मुली

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघाली की बहुतेक वेळा बांधकामाचा इतिहास लिहिला जातो. जागा कशी मिळाली, वर्गणी कोणी गोळा केली, मूर्ती कधी बसवली, हे सारे त्यात येते. तो इतिहास लिहिलाच पाहिजे. पण विहारात माणसंही घडतात, त्यांचाही इतिहास असतो. पौर्णिमेला माइकसमोर उभी राहून खणखणीत आवाजात त्रिशरण-पंचशील म्हणणारी, १४ एप्रिलला भाषण करणारी, मिरवणुकीत लेझीम घेऊन पुढे चालणारी आपली मुलगी आपण पाहतो आणि टाळ्या वाजवतो. तिच्या अंगात ही हिंमत कुठून आली, हे मात्र आपण विचारत नाही. त्याचाच शोध आम्ही या लेखात घेणार आहोत.

सुरुवात तथागतांच्या काळापासून करावी लागेल. महाप्रजापती गौतमीला संघात प्रवेश हवा होता. पहिल्यांदा नकार मिळाला. तेव्हा ती घरी बसून रडत राहिली नाही. तिने केस कापले, काषाय वस्त्रे नेसली आणि पाचशे शाक्य स्त्रियांना सोबत घेऊन कपिलवस्तूहून वैशालीपर्यंत पायी चालत गेली. पाय सुजले, अंग धुळीने माखले. आनंदाने त्यांची बाजू मांडली आणि भिक्खुणी संघ उभा राहिला. या संघातल्या स्त्रियांनी आपले दुःख, आपली मुक्ती स्वतःच्या शब्दांत सांगितली. ‘थेरीगाथा’ हा त्यांचाच ग्रंथ. त्यात राजघराण्यातल्या आहेत, तशाच दासी आणि गणिकाही आहेत. एकटी गौतमी गेली असती तर कदाचित दारातूनच परत आली असती. पाचशे जणी सोबत होत्या म्हणून इतिहास घडला.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. १८४८ साली महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. त्यांच्याच शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या चौदा वर्षांच्या मुलीने १८५५ साली महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ज्या मुलीच्या सावलीचा विटाळ होत होता, तिचे शब्द छापले गेले! शाळेत बरोबरीने बसणाऱ्या मैत्रिणी होत्या, ऐकून घेणारे गुरुजन होते, म्हणून मुक्ताची लेखणी चालली.

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्या बुलढाण्यातच आहे. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक लिहिले. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला शिक्षा झाली. त्यावर वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीलाच नावे ठेवली गेली. ते ताराबाईंना सहन झाले नाही. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, वडिलांनी घरीच शिकवलेल्या या बाईने पुरुषांच्या ढोंगाचा असा समाचार घेतला की आजही वाचताना अंगावर काटा येतो. पण झाले काय? लोक तिच्यावर तुटून पडले. जोतीरावांनी ‘सत्सार’च्या अंकात तिची बाजू घेतली, तेवढीच. त्यानंतर ताराबाईंनी दुसरे पुस्तक लिहिले नाही. त्यांचे पुस्तकही विस्मरणात गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले तेव्हा कुठे महाराष्ट्राला त्यांची ओळख झाली. हिंमत ताराबाईंकडे कमी नव्हती. कमी होती ती सोबत. बुलढाण्यात त्यांच्या मागे उभे राहायला एखादे महिला मंडळ असते, तर ती लेखणी थांबली असती का?

ही सोबत बाबासाहेबांच्या चळवळीने दिली. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेला बायाही आल्या होत्या. बाबासाहेबांनी त्यांच्याशी वेगळे भाषण केले. जातीची खूण सांगणारे लुगडे नेसणे सोडा, कथलाच्या दागिन्यांचे ओझे टाका, मुलींना शिकवा, असे सांगितले. बायांनी ते मनावर घेतले आणि तिथेच नेसण्याची तऱ्हा बदलली. एकट्या सुनेने घरी असे केले असते तर सासूने आणि गावानेही जगू दिले नसते. पण साऱ्या जणींनी एकदम केले, मग बोलणार कोण आणि कोणाला? १९२८ च्या जानेवारीत मुंबईत महिलांची संघटना निघाली, तिच्या अध्यक्षा माता रमाई होत्या. १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहात तर शेकडो बाया उतरल्या.

आपल्या विदर्भातही असेच घडत होते. जाईबाई चौधरी डोक्यावर ओझी वाहून पोट भरत होत्या. एका मिशनरी बाईंमुळे त्यांना शिकायला मिळाले आणि १९२२ साली त्यांनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. १९३७ साली नागपुरात भरलेल्या एका महिला परिषदेत याच जाईबाईंना जेवणाच्या वेळी वेगळे बसवण्यात आले. त्या अपमान गिळून घरी गेल्या नाहीत. आपल्या महिलांनी निषेधाची सभा घेतली. अपमान एकीचा होता, पण उत्तर सगळ्यांनी मिळून दिले.

या साऱ्याचा कळस म्हणजे २० जुलै १९४२. नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. वीस-पंचवीस हजार बाया जमल्या. अध्यक्षा होत्या आपल्या वऱ्हाडातल्या, अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. स्वागताध्यक्षा कीर्तीबाई पाटील. घटस्फोटाचा हक्क मिळावा, एका नवऱ्याने अनेक बायका करण्याची चाल बंद व्हावी, मुलींसाठी वसतिगृहे निघावीत, गिरणीत व विडी कारखान्यात राबणाऱ्या बायांना सवलती मिळाव्यात, असे ठराव तिथे झाले. ठराव मांडणाऱ्या बाया, अनुमोदन देणाऱ्याही बायाच. हिंदू कोड बिल यायचे होते, राज्यघटना यायची होती, त्याच्या आधीच आपल्या आया-आज्यांनी हे हक्क मागितले होते! बाबासाहेबांनी त्या दिवशी सांगितले की समाजाची प्रगती आपण त्या समाजातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो. मुलामुलींना शिकवा, त्यांच्या लग्नाची घाई करू नका, आणि मुलीने नवऱ्याची दासी न होता बरोबरीची मैत्रीण व्हावे, असा उपदेश त्यांनी केला.

हिशोब करून पाहा. १८८२ ते १९४२, बरोबर साठ वर्षे. बुलढाण्यात एका बाईने एकटीने जे म्हटले, त्याच्या जवळचेच नागपुरात हजारो बायांनी मिळून म्हटले. एकटीचा आवाज दाबला गेला, हजारोंचा आवाज दाबता आला नाही.

पुढे १४ ऑक्टोबर १९५६ आला. आपल्या जिल्ह्यातून नागपूरला जाणारी रेल्वे मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव अशीच जाते. त्या दिवसांत नागपूरच्या वाटेने पांढरी वस्त्रे नेसून लेकरं कडेवर घेतलेल्या बायांचे लोंढेच्या लोंढे दीक्षाभूमीवर पोहोचले. १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात बाया लेकरांसह तुरुंगात गेल्या. धम्म स्वीकारल्यावर गावोगाव विहारे झाली आणि विहारांबरोबर महिला मंडळे आली. वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होऊ लागले.

या वाचनाचे मोल आपण कमी लेखतो. जी मुलगी शाळेत उभी राहून वाचायला लाजते, तिला विहारात एक पान वाचायला द्या. समोर कोण असते? आजी, काकू, मावशी, शेजारची वहिनी. चुकली तरी कोणी हसत नाही. उलट अक्षरओळख नसलेली आजी म्हणते, “वाच माय, मले आयकू दे.” आपल्यामुळे आजीला धम्म कळतो, हे त्या मुलीला जाणवते. दुसऱ्या वर्षी ती अर्थ सांगू लागते, तिसऱ्या वर्षी सूत्रसंचालन करते. भीमगीतांचे पथक, लेझीम, नाटिका, धम्म संस्कार शिबिर यांतही हेच घडते. आत्मविश्वास असा ठेवा, असे सांगून तो येत नाही. जबाबदारी मिळाली आणि पाठीशी आपली माणसं असली की तो हळूहळू अंगी बाणतो.

पण समाजबांधवहो, इथे एक प्रश्न विचारणे भाग आहे. आपल्या मुली दहावी-बारावीपर्यंत विहारात येतात, नंतर कुठे जातात? स्वागतगीत म्हणायला, फुले वाहायला, पाहुण्यांना हार द्यायला मुली लागतात. समितीची बैठक असली की मात्र सतरंजीवर फक्त पुरुष बसलेले दिसतात. जमाखर्चाची वही मुलीच्या हाती किती विहारांत आहे? आणि ज्या लग्नाच्या घाईबद्दल बाबासाहेबांनी १९४२ साली बजावले, ती घाई आपल्या वस्त्यांतून खरोखर गेली आहे का? मुलीचे वय १८ पूर्ण नसताना लग्न लावणे कायद्याने गुन्हा आहे. पण अशा वेळी “मला शिकायचं आहे” हे वाक्य घरच्यांसमोर उच्चारण्याचे बळ त्या मुलीत असावे लागते. एकटीला ते बळ येत नाही. तिच्या मागे दहा मैत्रिणी आणि मंडळाच्या चार मावश्या उभ्या असल्या तर येते.

हक्काच्या जागा आज कायद्याने आहेत. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. त्या खुर्चीवर बसून स्वतःच्या डोक्याने बोलणारी बाई हवी, की कारभार नवऱ्याने पाहावा आणि सही तिने करावी? याचे उत्तर ग्रामपंचायतीत ठरत नाही. ते दहा-बारा वर्षे आधी, विहारातल्या मुलींच्या गटात ठरते.

म्हणून आमच्या सूचना साध्या आहेत. दर रविवारी मुलींची तासभराची बैठक व्हावी. अध्यक्ष दर वेळी नवी मुलगी असावी, एकीने इतिवृत्त लिहावे, एकीने हिशोब ठेवावा. विहार समितीत महिला मंडळाच्या आणि तरुण मुलींच्या प्रतिनिधी घ्याव्यात, त्यांना मताचा अधिकार असावा. आणखी एक काम मुलींनीच हाती घ्यावे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायांच्या घरोघरी जाऊन त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या, त्यातून १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक झाले. आपल्या वस्तीतही दीक्षा पाहिलेल्या, सत्याग्रहाच्या गोष्टी सांगणाऱ्या आज्या अजून असतील. दोघी-दोघींनी वही घेऊन त्यांच्याकडे जावे आणि लिहून घ्यावे. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत ती पाने छापली जावीत, लिहिणाऱ्या मुलींच्या नावासह.

ताराबाईंच्या जिल्ह्यात यापुढे कोणतीही मुलगी एकटी पडू नये, एवढीच अपेक्षा.

नमो बुद्धाय! जय भीम!