मूत्रपिंड : रक्त गाळणारी मूक यंत्रणा

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, बरगड्यांच्या खालच्या भागात घेवड्याच्या बीच्या आकाराची दोन मूत्रपिंडे असतात. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. नेफ्रॉनच्या टोकाशी असलेल्या केशवाहिन्यांच्या गुच्छात रक्त दाबाखाली गाळले जाते. रक्तपेशी व मोठी प्रथिने रक्तातच राहतात. पाणी, क्षार, ग्लुकोज व युरिया नलिकेत उतरतात. दिवसभरात असा सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातील ९९ टक्के पाणी, जवळजवळ सर्व ग्लुकोज व आवश्यक क्षार नलिकेतून पुन्हा रक्तात शोषले जातात. जादा पोटॅशियम व आम्ल नलिकेत सोडले जाते. शेवटी उरते ते सुमारे दीड लिटर मूत्र.

दीर्घकाळचा मधुमेह व उच्च रक्तदाब या गाळण्यांना इजा करतात. निकामी झालेले नेफ्रॉन पुन्हा निर्माण होत नाहीत. उरलेले त्यांचा भार उचलतात. त्यामुळेच लक्षणे फार उशिरा दिसतात. अशा रुग्णांनी त्रास नसतानाही लघवीतील प्रथिने व रक्तातील क्रिएटिनिन वर्षातून एकदा तरी तपासून घेणे हिताचे ठरते.