साष्टी बेटावरील विमानांचा आरंभ

साष्टी बेटाचें नांव निघालें म्हणजे भातशेतें, खाजणें आणि आगरें डोळ्यांपुढें येतात. परंतु भारतीय विमानसेवेचें पहिलें टपालही याच बेटाच्या मातीवर येऊन पोहोंचलें, याचें स्मरण आम्हांस असावें. इ. स. १९२८ मध्यें समुद्रालगत जुहू येथें विमानतळ स्थापन झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं श्री. जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें एक लहानसें विमान एकट्यानें चालवून तेथें उतरविलें. पुढें नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं टपाल बल्लारीवरून मद्रासेस नेलें.

परंतु जुहूची जमीन सखल. पावसाळा लागला कीं तेथें पाणी भरे, आणि टाटांच्या विमानांस पुण्याचा आश्रय घ्यावा लागे. या सखल भागांत पाणी हाच खरा धनी, हें त्या वैमानिकांनीं मुकाट्यानें मान्य केलें होतें.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत सांताक्रूझ येथें मोठा तळ उभा राहिला आणि स्वातंत्र्यानंतर तोच मुंबईचा मुख्य विमानतळ झाला. तो वाढतां वाढतां मिठी नदीच्या पात्रावरही पसरला. मग २६ जुलै २००५ च्या पावसांत सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. धावपट्ट्या बुडाल्या, विमानतळ बंद पडला आणि नदीकांठच्या वस्त्यांत अनेकांचे प्राण गेले.

विमानांनीं या बेटास जगाशीं जोडिलें, हें आम्ही कृतज्ञतेनें मानतों. तथापि पाण्याची वाट पाण्यास सोडण्याचा जो विवेक त्या पहिल्या वैमानिकांपाशीं होता, तोच आम्हीं पुढील पिढीच्या हातीं द्यावयास हवा.